संक्रांतीला माजुलीत: लातूरहून ब्रह्मपुत्रेच्या बेटावर

आधी आखणीबद्दल

माजुलीला जायचं हे दिवाळीत ठरलं, आणि ठरवलं आप्पांनी. माझे वडील सत्तरी ओलांडलेले, गळ्यात माळ, औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं मृदंग वाजवणारे. कुठल्याशा कीर्तनात त्यांनी ऐकलं होतं, की आसामात नदीच्या मधोमध एक बेट आहे, तिथं घरोघरी नामस्मरण चालतं आणि मृदंगासारखंच एक वाद्य वाजतं. तेव्हापासून धोशा सुरू. दादा म्हणाला, मी येतो सोबत. मी शाळेतून रजा काढली.

माहिती काढायला बसलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. इथं आपल्या सुट्ट्या नंतर, नदीचा हंगाम आधी. जून ते सप्टेंबर ब्रह्मपुत्रेला पूर असतो, तेव्हा बेटाचा बराच भाग पाण्याखाली जातो, बोटी कधीही बंद होतात. ते महिने सोडूनच द्या. कार्तिकी पौर्णिमेला तिथला रास, म्हणजे कृष्णलीलेचा उत्सव, असतो, सगळं बेट रात्र-रात्र जागतं, पण खोल्या कित्येक महिने आधी भरलेल्या असतात. फेब्रुवारीच्या मध्यात, त्यांच्या फागुन महिन्याच्या पहिल्या बुधवारी, मिसिंग या तिथल्या आदिवासी लोकांचा पेरणीचा सण येतो, अली-आये-लिगांग. आणि जानेवारीत, बरोबर आपल्या संक्रांतीच्या वेळी, माघ बिहू हा आसामचा सुगीचा सण.

आप्पांनी संक्रांत निवडली. वेळ अमावस्या उरकलेली असते, तुरीची रास झालेली असते, माणूस मोकळा असतो. नदीही तेव्हा उतरलेली असते.

आमच्या आखणीचा एकच नियम होता, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला मी तोच सांगेन: बोटीच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक मोकळा दिवस ठेवा. ज्या दिवशी बेटावरून निघायचं त्याच दिवशीचं विमान कधीही धरू नका. जानेवारीत पूर नसतो, पण धुकं असतं, आणि धुक्यात बोट सुटत नाही.

दुसरं, शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच स्पष्ट सांगा. मासा तिथं रोजच्या जेवणात आहे. आम्ही फोनवर सांगितलं, की सोबत माळकरी म्हातारे वडील आहेत. पलीकडची बाई हिंदीत म्हणाली, "चिंता मत कीजिए बाइदेउ, हमारे यहाँ भी भकत लोग आते हैं।" बाइदेउ म्हणजे ताई. पुढचे सगळे दिवस मी तिथं बाइदेउच होते.

लातूर ते जोरहाट

लातूरहून रात्रीच्या बसने हैदराबाद, तिथून विमानाने गुवाहाटी, एक मुक्काम, आणि सकाळच्या जनशताब्दीने जोरहाट. सगळं वेळेवर झालं, म्हणून जास्त सांगण्यासारखं नाही. आसामसाठी आपल्याला कुठला वेगळा परवाना लागत नाही. परवाना लागतो तो पुढं अरुणाचल किंवा नागालँडमध्ये जायचं असेल तर.

गाडीच्या खिडकीतून आप्पा दिवसभर शेतं बघत होते. भात कापून झालेला, रानात बुडखे तेवढे उभे, आणि जागोजागी पाण्याची तळी. "ह्यांच्याकडं पानी जमिनीवरच पडून हाय की," ते म्हणाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. १२ तारखेला पहिली गाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेव्हा आमच्या घरी आठवड्याच्या हंड्यांचा हिशेब भिंतीवर खडूने लिहिलेला असे. त्या घरातल्या माणसाला दर दोन मैलांवर तळं दिसणं म्हणजे काय, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको.

जोरहाटला दुपारी उतरलो. साडेचारलाच उन्हं कलली आणि पाचच्या आत सूर्य मावळला. इतक्या पूर्वेला घड्याळ आपलंच, पण दिवस तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि तितकाच आधी संपतो. त्यामुळे तिथं फिरण्याचं वेळापत्रक पहाटेपासून आखावं. सकाळी दहाला निघू म्हणणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो.

निमाती घाटावर, उरुकाच्या दिवशी

जोरहाटपासून निमाती घाट साधारण १४ किलोमीटर. आम्ही सकाळच्या पहिल्या बोटीसाठी अंधारातच निघालो. घाटावर पोहोचलो तर नदीच दिसेना. समोर पांढरं धुकं, त्यात बांधलेल्या बोटींची टोकं आणि माणसांचे आवाज. तिकीट खिडकीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, धुकं उठेल तेव्हा.

त्या थांबण्यात घाट नीट बघता आला. हा घाट म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा दगडी पायऱ्यांचा नाही. नदी काठ खाते, वाळू सरकते, तसा घाटही हलतो, म्हणून सगळं तात्पुरतं. वाळूवर टाकलेला पेंढा आणि बांबू, त्यावरून मोटारसायकली, कोंबड्यांच्या पाट्या, पत्रे, सिमेंटची पोती, गॅसच्या टाक्या. बेटावरच्या माणसाला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू अशी वाळू तुडवत जाते. त्यात उद्या बिहू, म्हणून शिकायला आणि नोकरीला बाहेर असलेली सगळी पोरं घरी निघालेली. बंगळूरहून आलेला एक मुलगा आईसाठी मिक्सर घेऊन उभा होता. तो तीन दिवस रेल्वेत होता आणि आता शेवटच्या तासाभरासाठी खोळंबला होता. त्याच्या चेहऱ्यावर वैताग अजिबात नव्हता. "नदी है, काका," तो आप्पांना म्हणाला.

तिथल्या टपरीवर लाल चहा मिळतो, बिनदुधाचा. सोबत आप्पांनी कच्च्या सुपारीचं पान घेतलं. सांगून ठेवते, ती सुपारी आपल्या सुपारीसारखी वाळवलेली नसते. मिनिटाभरात कपाळावर घाम येतो आणि कान तापतात. थंडीत ती मंडळी ती का खातात ते कळतं, पण रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी लांबच राहिलेलं बरं.

साडेनऊच्या सुमारास धुकं वर गेलं आणि बोट निघाली. पाण्याच्या ओघाप्रमाणे कमलाबारी घाटाला तास-दीड तास लागतो. बसल्यावर आधी जीवनरक्षक जाकीट मागून घ्या आणि अंगात घाला. ८ सप्टेंबर २०२१ ला याच निमाती घाटाजवळ दोन बोटींची टक्कर झाली होती, त्यानंतर एका इंजिनाच्या लाकडी बोटी बंद केल्या गेल्या. बेटाला जोरहाटशी जोडणाऱ्या पुलाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०२१ मध्ये झालं, पण आम्ही गेलो तेव्हा जायची वाट बोटीचीच होती.

नदीच्या मधोमध आलो आणि दोन्ही काठ नाहीसे झाले. उतरलेल्या पाण्याची ही नदी. आप्पा कठड्याला धरून उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दादाला म्हणाले, "आपली मांजरा ह्येच्यात कुठं सांडली तर सापडायची न्हाई."

पलीकडे वाळूत उतरून जीपने कमलाबारी आणि तिथून गरमूरकडे. दोन्हीकडे मोहरी फुललेली, पिवळीधमक. आमचा मुक्काम बांबूच्या खोल्यांत होता, जमिनीपासून माणूसभर उंच खांबांवर उभ्या केलेल्या. मिसिंग लोकांची घरं अशीच असतात, त्यांना चांगघर म्हणतात. पुराचं पाणी खालून निघून जावं म्हणून ही उंची. उन्हाळ्या-हिवाळ्यात खालच्या सावलीत हातमाग लागतो. आमच्या यजमानीणबाईंचा मागही खालीच होता, आणि ती बोलता बोलता विणत असे.

उरुका म्हणजे बिहूची आदली रात्र. संध्याकाळी यजमानांनी आम्हाला गावाबाहेरच्या रानात नेलं. तिथं पोरांनी पेंढा आणि बांबूची खोपी उभी केली होती, भेलाघर. त्यात बसून सगळ्या आळीनं एकत्र स्वयंपाक करायचा, जेवायचं, शेकोटीभोवती रात्र जागवायची आणि पहाटे ती खोपीच पेटवून द्यायची. ते बघून आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. वेळ अमावस्येला आपणही रानात कडब्याची कोप करतो, पांडव मांडतो, भज्जी आणि आंबिलाचं वनभोजन करतो, येईल त्याला पंगतीला बसवतो. उण्यापुऱ्या महिन्याभरापूर्वी आप्पांनी स्वतःच्या हातानं कोप बांधली होती. ते सरळ आत गेले, पेंढा कसा बांधलाय ते हातानं चाचपून पाहिलं आणि वाकून बाहेर येत म्हणाले, "गाठ आपलीच हाय."

आम्हाला केळीच्या पानावर भात, डाळ, वांग्याचं भरीत, आणि आंबट फळ घातलेली पातळ आमटी वाढली. ते फळ म्हणजे ओउ टेंगा, मोठ्या कवठाएवढं. आमच्यासाठी चूल वेगळी लावली होती, ते कुणी बोलून दाखवलं नाही.

संक्रांत, म्हणजे माघ बिहू

पहाटे पाचला अंघोळी झालेल्या. थंडी चांगलीच होती. स्वेटर, कानटोपी, पायमोजे सगळं लागतं, आणि खोल्या बांबूच्या असल्याने वारा फटीतून आत येतो. एक जाड पांघरूण मागून घ्यावं.

लाकडं आणि बांबू रचून केलेली मेजी पेटली तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. घरातली मोठी माणसं पुढं होऊन आगीत पिठा, म्हणजे तांदळाच्या पिठाचा पदार्थ, आणि सुपारी टाकत होती, मागं सरून नमस्कार करत होती. बांबू फुटल्याचे आवाज सगळ्या गावभर. आग विझत आल्यावर जळकी लाकडं आणि राख लोक घेऊन जातात, शेतात आणि फळझाडांच्या बुडाशी टाकतात. झाडाला फळ चांगलं धरतं म्हणे.

मग घरोघर फराळ. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा सकाळचा फराळ या प्रवासात मला सगळ्यात जास्त आवडला. दही, पोहे आणि गूळ, म्हणजे दोइ-सिरा-गुर. दही घट्ट, पोहे भिजलेले, वर काळसर पातळ गूळ. त्यानंतर कोमल साउल. हा तांदूळ शिजवायचाच नाही, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की भात तयार. आप्पांचा विश्वास बसेना, म्हणून यजमानीणबाईंनी वाटीत कोरडा तांदूळ घेऊन त्यांच्या समोर भिजत घातला. त्यांनी मधेमधे दाणा बोटानं दाबून पाहिला, आणि मऊ झाल्यावर दह्यासोबत सगळी वाटी संपवली.

आणि तिळाचा पिठा. चिकट तांदळाचं ओलसर पीठ तापल्या तव्यावर पातळ पसरायचं, मधे काळे तीळ आणि गूळ, आणि लगेच गुंडाळी. तीळ आणि गूळ, संक्रांतीच्याच दिवशी, ब्रह्मपुत्रेच्या बेटावर! माझ्या पिशवीत घरून आणलेले तिळाचे लाडू होते. आप्पांनी डबा मागितला, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी गेलो तिथं प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवत "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत राहिले. समोरच्याला शब्द कळत नव्हते, तरी प्रत्येकाने दोन्ही हात पुढं केले. एका घरातल्या आजींनी आत जाऊन गामोसा आणला, पांढरा, लाल काठांचा, आणि तो आप्पांच्या गळ्यात घातला. आपल्याकडं टॉवेल-टोपीचा मान असतो, तसाच हा. आप्पांनी लगेच वाकून नमस्कार केला.

दुपारी गावच्या नामघरात गेलो. भिजवलेले मूग आणि हरभरे, आल्याचे तुकडे, नारळ, असा प्रसाद मिळाला. नामघर म्हणजे लांबलचक सभागृह. बहुतेक ठिकाणी मुख्य जागी मूर्ती नसते, लाकडी आसनावर पोथी असते. शंकरदेव (१४४९ ते १५६८) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांनी ही नामाची वाट घालून दिली. आपले एकनाथ महाराज १५३३ मधले, म्हणजे शंकरदेवांच्या उतारवयात पैठणला नाथ वाढत होते. दोघांनीही भागवत लोकांच्या बोलीत आणलं. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपन पाहुन्यांच्यातच आलोय की."

सत्रांचा दिवस

सत्र म्हणजे इथला मठ. बेटावर ती बरीच आहेत आणि सगळी एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. आम्ही मोजकीच पाहिली. मोटारसायकल किंवा सायकल भाड्यानं मिळते, रस्ते सपाट आहेत. वयस्कर माणूस सोबत असेल तर दिवसभरासाठी रिक्षा ठरवून टाका.

सकाळी औनिआटी सत्र. १६५३ मध्ये स्थापन झालेलं, इथले भकत, म्हणजे सत्रात राहणारे भक्त, ब्रह्मचारी. लहानपणीच मुलं सत्रात येतात, वडीलधाऱ्या भकतांच्या घरी राहून शिकतात, तिथंच मोठी होतात. त्यांच्या राहण्याच्या लांब चाळी नामघराच्या चारही बाजूंनी आहेत. संग्रहालयात जुनी भांडी, दागिने, आहोम राजांच्या काळातल्या वस्तू आहेत. ते बघायला तास काढावा.

तिथून सामागुरी. हे मुखवट्यांचं सत्र. बांबूचा सांगाडा विणायचा, त्यावर मातीत बुडवलेलं कापड चढवायचं, पुन्हा माती आणि शेण, वाळलं की घासून रंग. काही मुखवट्यांचा जबडा हलतो, बोलता बोलता उघडतो मिटतो. हे मुखवटे भाओनांसाठी असतात. भाओना म्हणजे रामायण-महाभारत-भागवतातली नाटकं, नामघरात रात्रभर चालणारी. २०२३ साली इथल्या हेमचंद्र गोस्वामी यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन. एका तरुणाने पूतनेचा मुखवटा घालून आमच्यासमोर चार पावलं टाकली, तेवढ्यानं शेजारची पोरगी आईमागं लपली. दादाला लहानपणच्या भारुडातली सोंगं आठवली आणि तो तिथून हलेना. दोन छोटे मुखवटे त्याने विकत घेतले. घासाघीस करू नका, एकेकावर कित्येक दिवसांचं काम असतं.

संध्याकाळी उत्तर कमलाबारी सत्रात गायन-बायन, म्हणजे भकतांचं गाणं-वाजवणं, ऐकायला मिळालं. पांढरी धोतरं, पांढरे फेटे, गळ्यात खोल, म्हणजे ते मृदंगासारखं वाद्य, आणि हातात परातीएवढे टाळ. सत्रिया नृत्याला २००० साली संगीत नाटक अकादमीने शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला, ते नृत्य याच सत्रांच्या नामघरात जपलं गेलं. खोल वाजू लागला तसे आप्पांचे हात मांडीवर चालू झाले. पहिल्यांदा ताल त्यांच्या हाती लागेना, मात्रा वेगळ्याच वाटेनं जात होत्या. मग डोळे मिटून ते ऐकत बसले. संपल्यावर एका ज्येष्ठ भकतांनी त्यांच्या हाताकडं बोट करून विचारलं, वाजवता का? आप्पांनी मान डोलावली. वाद्य पायाशी ठेवून भकत समोर बसले. आप्पांनी आधी खोलाला नमस्कार केला, मग दोन्ही तोंडांवरून हात फिरवला. आपल्या मृदंगाला डाव्या अंगाला वाजवताना कणीक लावावी लागते, इथं दोन्हीकडं शाई कायमची बसवलेली. ते त्यांना फार नवलाचं वाटलं.

त्यांनी भजनी ठेका धरला, तोच, "ज्ञानोबा-तुकाराम" च्या गजराला वाजतो तो. भकत थोडा वेळ ऐकत राहिले, मग त्यांनी टाळ उचलला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. तिथल्या पाचसहा लहान मुलांनी टाळ्या धरल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि दादा फोन हातात असूनही चित्रीकरण करायचं विसरला याचं मला समाधानच वाटतं.

सालमोरा आणि खचलेला काठ

बेटाच्या पूर्वेकडच्या काठावर सालमोरा गाव आहे. इथले कुंभार चाक वापरत नाहीत. बायका मातीचा गोळा हातानं फिरवत, थोपटत भांडं घडवतात. नदीकाठची चिकणमाती खणून आणायची आणि वाहून आलेल्या लाकडांवर भांडी भाजायची, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. ही मडकी नावेतून नदीपलीकडच्या गावांत जात आणि बदल्यात भात येई. आपल्या बलुत्याच्या व्यवहाराशी जवळची गोष्ट.

पण सालमोऱ्याला मडक्यांइतकाच तो काठ बघायला जावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ८८० चौरस किलोमीटर असलेलं हे बेट २०१४ मध्ये ३५२ वर आलेलं होतं. १५ ऑगस्ट १९५० ला आसामात ८.६ रिश्टरचा भूकंप झाला. वरच्या डोंगरांचे कडे कोसळले, तो सगळा गाळ नदीत आला, पात्र उथळ झालं, आणि नदी पसरून काठ खाऊ लागली. शंकरदेव आणि माधवदेव जिथं पहिल्यांदा भेटले ती धुवाहाट-बेलगुरीची जागाही नदीने घेतली. कित्येक सत्रं पलीकडच्या काठाला हलवावी लागली. आता काठाला वाळूच्या पिशव्या आणि काँक्रीटच्या खांबांचे सांगाडे टाकलेले दिसतात. ते काठ धरतात, पण माती खणायची जागा त्यांच्याखालीच येते, असं कुंभार बायका सांगत होत्या. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि मला यावर सोपं उत्तर दिसत नाही.

एका साठीच्या कुंभारीणबाईंनी हातानं दाखवलं, माझं सासरचं घर तिथं होतं. तिथं पाणी वाहत होतं. त्यानंतर घर दोनदा मागं आणलं.

आमचं गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या घरातही आहे. मी तिसरीत होते. जुनं गाव उठलं आणि नवं गाव आखलेल्या रस्त्यांनी उभं राहिलं, आप्पांनी चाळिशीच्या आसपास पुन्हा उंबरा बसवला. या विषयावर ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्या बाईंच्या शेजारी ओट्यावर बसून ते मराठीतच सांगू लागले, भिंत कुठल्या बाजूला पडली, बैल कसा वाचला, आजीला कुठून काढलं. बाई आसामीत आपलं सांगत होत्या. मी हिंदीत दोन्हीकडचं पोहोचवायचा प्रयत्न केला, पण थोड्या वेळाने त्याची गरज राहिली नाही.

मला त्यांच्यातला फरकही तिथं बसून जाणवला. आमच्या जमिनीनं एका पहाटे घात केला, नंतर ती तिथंच राहिली, तिच्यावर पुन्हा बांधता आलं. ह्यांची जमीन दरवर्षी थोडी थोडी जाते. तरीही त्या बाईंच्या अंगणात नुकतंच लावलेलं आंब्याचं रोप होतं, बुडाशी बिहूची राख टाकलेली. नदीचा राग येत नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, माती तीच आणते ना.

परतताना

परतीच्या दिवशी पुन्हा धुकं, पुन्हा घाटावर थांबणं. मोकळा दिवस राखलेला असल्याने आम्ही निवांत होतो. आमच्या शेजारीच एक पुण्याकडचं जोडपं संध्याकाळचं विमान गाठायच्या काळजीत सारखी घड्याळं बघत होतं. बोट अकरानंतर सुटली.

उरलेल्या सूचना इथंच देते. रोख पैसे पुरेसे ठेवा. गरमूर आणि कमलाबारीला एटीएम आहेत, पण सणाच्या दिवसांत आमच्या अनुभवात ती रिकामी होती. नेहमीची औषधं घरूनच न्या. गरमूरला रुग्णालय आहे, तरी बोट बंद झाल्यावर पलीकडे जाणं सोपं नसतं. शेवटची बोट दुपारी उशिरा सुटते, संध्याकाळी नाही, आणि वेळा पाण्याप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी यजमानांना विचारून घ्या. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे खूप लोक दिसले. त्यांना दोन सत्रं आणि एक जेवण एवढंच मिळतं. मुक्काम करा, निदान एक पहाट आणि एक रात्र बेटावर काढा. मिसिंग घरात तुमच्यासमोर आपोंग, म्हणजे तांदळाची घरगुती दारू, मानानं ठेवतील. घेत नसाल तर हात जोडून सांगितलं तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. आप्पांनी तसंच केलं, त्यांना लगेच लाल चहा आला. आणि सत्रात शिरताना चप्पल बाहेर काढा, मणिकूट म्हणजे गाभाऱ्याच्या आत जायचा आग्रह धरू नका, छायाचित्र काढण्याआधी विचारा.

लातूरला पोहोचल्यावर पहिल्याच एकादशीला आप्पांनी भजनी मंडळात खोलाच्या बोलांचं वर्णन केलं, मृदंगावर जेवढे जमले तेवढे वाजवून दाखवले. पखवाजाची पुडी बदलून देणारा आमचा कारागीर दोन्ही अंगांना कायमची शाई कशी बसवतात ते समजून घ्यायला दुसऱ्या दिवशी घरी आला. आता मंडळातल्या चौघांनी रासाला यायचं पक्कं केलंय. खोल्यांसाठी श्रावणातच फोन करायचा, हे काम माझ्याकडं आहे.